पल्याडचं पिस्तूल

“अक्का, पिस्तूल काढायचंय न्हवं? काढ की. पण पल्याड येऊन काढ!” धानप्पा म्हणाला आणि माझ्या वेणीचा अजून एक वेढा त्यानं मुठीला घातला.

माझी मान मागं ओढली गेली. वर आमच्या हॉटेलच्या पत्र्याची कड दिसत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून रस्त्याच्या उत्तर कडेला उभी असलेली सुगलाअक्का. डाव्या मुठीत टिप्परची चावी. उजवा हात पदराखाली, कमरेपाशी.

“पोरीला सोड,” अक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

“चावी टाक, सोडतो.”

“चावी तहसीलदारांच्या हातात देणार. गाडी निघालीय त्यांची.”

“मग फौजदाराची बी निघालीय. मीच फोन केलाय. सांगितलंय, बाई पिस्तूल घेऊन आमच्या हद्दीत धिंगाणा घालायलीय.” धानप्पा माझ्या कानाशी हसला. तोंडाला मावा आणि कांद्याचा वास. “आता एवढंच राहिलंय, तू यायचं!”

आमचं गाव मुळकुंडी. मधून डांबरी रस्ता जातो, बैलगाडी आणि एसटी एकदम आली तर एकीला गटारात उतरावं लागेल एवढाच. रस्त्याच्या उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला कर्नाटक. नाव एक, जत्रा एक, सोयरिकी एकमेकांत, पण ग्रामपंचायती दोन आणि पोलीस ठाणी दोन. अक्का उत्तरेची सरपंच, पाटलाघरची. आमचं चहा-भज्याचं हॉटेल दक्षिणेला. धानप्पाही दक्षिणेचाच. नदी मात्र उत्तरेच्या हद्दीत. धानप्पाचे टिप्पर तिच्यात उतरायचे, वाळू भरायचे, आणि रस्ता ओलांडला की सुटले. उत्तरेच्या तलाठ्याला कर्नाटकात शिरता येत नव्हतं, आणि वाळू महाराष्ट्राची, मग इकडच्या साहेबांना काय पडलंय!

अक्कानं हे अडवायला सुरुवात केली तेव्हा धानप्पाच्या पोरांनी तिच्या नवऱ्याला शेतात गाठून मारहाण केली. तो अजून काठी टेकून चालतो. त्यानंतर तिला पिस्तुलाचं लायसन मिळालं. त्यावर साफ लिहिलं होतं, फक्त महाराष्ट्र राज्यापुरतं. तिनं दोन्ही राज्यांसाठी मागितलं होतं. वरून विचारलं गेलं, सरपंचबाईंना परराज्यात कसला धोका? धोका रोज सकाळी आमच्या बाकड्यावर बसून चहा पीत होता. त्याच्या पोरांच्या कमरेला गावठी कट्टे होते आणि ते दिवसातून दहादा रस्ता ओलांडायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, बाबांनो, तुमचा कट्टा कुठल्या राज्यापुरता? ज्यानं सरकारला विचारून हत्यार घेतलं, त्यालाच सरकारनं रेघ आखून दिली.

त्या दिवशी असं झालं होतं. भरलेला टिप्पर उत्तरेच्या कडेला थांबवून ड्रायव्हर काशिराया आमच्याकडं भजी खायला आला. एरवी ते टिप्पर इकडं आणूनच लावायचे, पण आमच्या दारात उसाचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन पडला होता. काशिरायानं चावी टेबलावर ठेवली, हात धुवायला गेला. मी वीस वर्षांची होते. डोक्यात काय आलं मला ठाऊक नाही. मी चावी उचलली, दारात आले आणि “अक्का!” म्हणून ओरडून रस्त्यापार फेकली. अक्कानं ती हवेतच झेलली. टिप्पर वाळूसकट महाराष्ट्रात अडकला, आणि मी धानप्पाच्या हातात.

“धानप्पा, जाऊ दे रे, लेकरू हाय,” आमचे आप्पा म्हणत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, गुरलिंगप्पा. जन्मभर कुणाशी वाकडं बोलले नाहीत. धानप्पाच्या उधारीला कधी हूं की चूं केलं नाही. आता फडक्यासकट हात जोडून उभे होते.

“लेकरू? लई मोठं लेकरू हाय तुझं, गुरलिंगप्पा. त्येला भजी तळाय शिकवूया.”

आणि त्यानं मला कढईकडं ढकललं.

तेल नुकतंच तापलं होतं. काशिरायाची भजी त्यात तडतडत होती. वाफ तोंडावर आली. मी भट्टीच्या कडेला हात टेकले, ती भाजायला लागली म्हणून काढले, मग टेकायला काहीच उरलं नाही. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. आप्पा पुढं आले, काशिरायानं त्यांना धरलं.

“अक्का, मोजू का?” धानप्पा म्हणाला. “का टाकतीस चावी?”

मला अक्का दिसत नव्हती. मला फक्त तेल दिसत होतं. पण रस्त्यावरून चपलांचा आवाज आला. धावल्याचा नाही, बाजाराला निघाल्यासारखा. चटक, चटक, चटक. उसाच्या ट्रॅक्टरजवळ बघे उभे होते, ते बाजूला सरले.

“सोड,” आवाज अगदी जवळून आला.

धानप्पाच्या मुठीला घाम फुटलेला मला मानेवर कळला. मी तिरकं बघितलं. पिस्तुलाची नळी त्याच्या जबड्याखाली टेकली होती. अक्काचा हात हलत नव्हता. पदर पडला होता, त्याचं तिला भान नव्हतं.

“आलीस!” धानप्पा म्हणाला. भीतीनं त्याचा आवाज पोरीसारखा बारीक झाला होता, पण त्यात खुशीही होती. “पल्याड आलीस! बघा रे सगळ्यांनी, पल्याड आली!”

“बघू दे. सोड.”

त्यानं सोडलं. मी भट्टीपाशी खाली बसले. अक्कानं मला दंडाला धरून उठवलं, चेहरा उजेडाकडं फिरवला, दोन्ही गाल नीट बघितले, बाजारात वांगी बघतात तसे, आणि म्हणाली, “भाजलं न्हाई. हाताला तूप लाव.” मग ती जशी आली तशी चालत परत गेली. वाटेत पिस्तूल कमरेला खोवलं, पदर घेतला. आणि आपल्या दारातल्या खुर्चीत बसली.

तेवढ्यात जीप आली.

फौजदार कंग्राळकर बेळगावकडचे. मराठी बोलणारे, पण आमच्या ठाण्याला नुकतेच बदलून आलेले. गावात त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता. धानप्पा जीपला हात लावूनच बोलायला लागला.

“साहेब, ती बघा, ती खुर्चीत बसलीय ती. पिस्तूल कमरेलाच हाय. लायसन तिकडलं. हितं आमच्या हद्दीत येऊन माझ्या गळ्याला लावलं!”

“असं काय?” फौजदारांनी टोपी नीट केली, रस्त्याच्या मधोमध गेले आणि बरोबर तिथं थांबले. माणूस नवा होता, पण हद्द कुठं ते विचारून आला होता. “ओ मावशी! जरा इकडं या की. दोन शब्द विचारायचेत.”

धानप्पा जे वेणी ओढून करत होता, तेच हे गोड बोलून करत होते. अक्का पिस्तुलासकट एक पाऊल इकडं आली की दुसरा पुरावा नको. पिस्तूल जप्त, अक्का आत, सरपंचकी गेली, आणि उद्यापासून नदीत टिप्परच टिप्पर.

आणि अक्का उठली!

“येते की,” ती म्हणाली. “घाबरते काय? विचारा काय विचारायचं ते. मी खोटं बोलत न्हाई कुणाशी. मी पिस्तूल काढलं आणि…”

“साहेब!” मी ओरडले. एवढ्या जोरात की फौजदार वळले. “तिला काय विचारता? वेणी माझी धरली हुती! मला विचारा!”

“म्हादे, गप!” अक्का तिकडून ओरडली.

“तू गप, अक्का! बस खाली!”

अक्काला असं कुणी बोललं नव्हतं. ती चकित होऊन बसली. फौजदार आमच्या दारात आले, बाकड्यावर बसले. शिपाई जबाब लिहायला उभा राहिला. धानप्पा समोर, ट्रॅक्टरजवळ अर्धं गाव.

“तुमच्यातलं कुणी बघितलं?” फौजदारांनी बघ्यांना विचारलं.

एक जण म्हणाला, “आम्ही आत्ताच आलाव साहेब.” दुसरा म्हणाला, “मी पंक्चर बघत हुतो.” पंक्चर बघणारे एकूण बारा-पंधरा निघाले.

“बरं. तू बोल. नाव?”

“महादेवी गुरलिंगप्पा.”

“ह्यानं तुला धरलं?”

“व्हय. वेणीला. आणि तोंड कढईकडं ढकललं.”

“कढई कुठं?”

“ही काय, तुमच्या मागं. तेल अजून तापलंय.”

त्यांनी मागं वळून कढई बघितली. भजी जळून कोळसा झाली होती. मग माझे हात बघितले. त्यांचा चेहरा जरा बदलला.

“आणि त्या बाईनं पिस्तूल दाखवलं?”

“व्हय.”

“कुठं होती ती तेव्हा? नीट आठवून सांग. तुझ्या ह्या शब्दावर केस हाय.”

मी धानप्पाकडं बघितलं नाही, आप्पांकडं बघितलं नाही.

“पल्याड, साहेब.”

ट्रॅक्टरजवळ कुणीतरी खोकलं.

फौजदारांनी रस्त्यापार बघितलं, खुर्चीत बसलेल्या अक्काकडं. “पल्याड? नक्की?”

“देवाची आण. अक्का पल्याड हुती.”

“लिव्ह,” ते शिपायाला म्हणाले. “पलीकडच्या बाजूस उभी होती.”

आता हे समजून घ्या. उत्तरेची वस्ती जुनी, दक्षिणेची मागून बसलेली. म्हणून उत्तर म्हणजे अल्याड आणि दक्षिण म्हणजे पल्याड, मग बोलणारा कुठंही उभा असो. उत्तरेचे तर म्हणायचेच, आम्हीही म्हणायचो. आम्ही पल्याडचे. स्वतःच्या चुलीपुढं बसून स्वतःला पल्याडचे म्हणणारं दुसरं गाव कुठं असेल तर मला दाखवा. उत्तरेच्या लग्नात आम्हाला शेवटच्या पंगतीत बसवायचे तेव्हा आप्पा म्हणायचे, असू दे, आपण पल्याडचे. उत्तरेच्या नळावर आमच्या बायकांची घागर मागं सारली की आई म्हणायची, असू दे, आपण पल्याडचे. मी फौजदारांना आमच्या गावच्या भाषेत, देवाची आण घेऊन, खरं तेच सांगितलं होतं. त्यांनी ते जगाच्या भाषेत लिहून घेतलं.

पण धानप्पा काही जगाचा नव्हता, आमच्याच गावचा होता. त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो ताडकन पुढं आला.

“साहेब! बघा, पोरगीच कबूल झाली! पल्याड हुती म्हणती!”

“व्हय की. ऐकलं मी.”

“मग? पल्याड म्हणजे हितं!”

“काय?”

“पल्याड म्हणजे हे! आपण बसलोय ते! ते तिकडलं अल्याड!”

फौजदारांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. “अल्याड म्हणजे तिकडं?”

“व्हय!”

“आणि पल्याड म्हणजे इकडं?”

“व्हय की ओ! आम्ही पल्याडचे!”

“तू कुठं ऱ्हातोस?”

“हितं! पल्याड!”

“दारू पिऊन तक्रार द्यायला आलास व्हय रे?”

ट्रॅक्टरजवळ एकाला हसू आवरेना, तो चाकामागं जाऊन बसला. बाकीचे ओठ चावून उभे. रस्त्यापार अक्काच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं, ती रागानं लाल झाली होती. धानप्पानं बघ्यांकडं हात केला. “ह्यास्नी विचारा! सांगा की रं! पल्याड म्हणजे कुठं?” पंक्चर बघणारे पुन्हा पंक्चर बघायला लागले. मग त्याला आप्पा दिसले आणि तो विसावल्यासारखा हसला. आप्पा कधीच त्याच्या उलट गेले नव्हते.

“ह्या म्हाताऱ्याला विचारा साहेब. जन्म गेलाय हितं. गुरलिंगप्पा, सांग की. तू कुठला? अल्याडचा का पल्याडचा? खरं सांग, उद्या बी हितंच धंदा करायचाय तुला.”

आप्पांनी फडकं खांद्यावर टाकलं. परत काढलं. त्यांच्या तोंडून तो शब्द दिवसातून शंभरदा निघायचा. गिऱ्हाईक विचारायचं, कुठले मामा? पल्याडचा. त्यांना विचार करायचीही सवय नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

“साहेब,” आप्पा म्हणाले, “मी ह्याच जागेत जन्मलो. माझा बाप ह्याच जागेत गेला. ही भट्टी त्येनं बांधली. मी माझ्या घराला पल्याड कशाला म्हणीन? येडा हाय का मी?”

“मग कुठले तुम्ही?”

“अल्याडचा.”

आवाज मोठा नव्हता. पण ट्रॅक्टरजवळची सगळी माणसं वळून बघायला लागली. माझा एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलले ते आप्पा, आणि आमच्या घरातलं जन्मातलं पहिलं खरं वाक्य तेच होतं.

फौजदार उठले. “पिस्तूल तिकडं काढलं. तो विषय माझा न्हवं.” मग त्यांनी कढईकडं बघितलं. “आणि वेणी इकडं धरली. तो विषय माझा. बस जीपमधी.”

“मी? मी तक्रार दिलीय!”

“बस म्हणतो न्हवं!”

जीप निघाली तरी मागून आवाज येत होता, “साहेब, पल्याड म्हणजे अल्याड हो!” मग चाकामागचा माणूस बाहेर आला आणि आमचं अर्धं गाव पोट धरून हसलं. थोड्या वेळानं तहसीलदारांची गाडी आली. अक्कानं चावी त्यांच्या हातात दिली, त्यांनी टिप्पर नेला, आणि तिनं मला हाक मारली.

“मला खोट्यात पाडलंस.”

“एक शब्द खोटा बोलले न्हाई, अक्का. तू कुठं हुतीस ते तूच सांग.”

तिनं तोंड उघडलं. “पल्याड,” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. पण हसणं लगेच आटोपलं. “तो सुटून येईल, म्हादे. हितंच येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. जामीन झाला होता. आमच्या बाकड्याच्या टोकाला बसला आणि हॉटेल रिकामं झालं. पोहे अर्धे टाकून लोक उठले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

“चहा आण की, अल्याडच्या!”

आप्पांनी चहा दिला. धानप्पानं ग्लास उचलला आणि हळूहळू जमिनीवर ओतला.

“दुसरा.”

आप्पांनी दुसरा दिला. त्यानं तोही ओतला.

“आज फौजदार न्हाई, गुरलिंगप्पा. आता सांग. कुठला तू?”

रस्त्यापार अक्का दारात उभी होती. तिचा हात कमरेकडं गेलेला मी बघितला. आज ती पिस्तूल घेऊन आली तर कुठलाच शब्द तिला वाचवणार नव्हता. सगळं गाव बघत होतं, आणि धानप्पा त्याचीच वाट बघत बसला होता. हॉटेलच्या कोपऱ्यावर मोटारसायकलीवर काशिराया शूटिंगला फोन हातात धरून तयार होता.

अक्का थांबली. मग वळून घरात गेली. घाबरली, मला वाटलं. मला तिचा संतापच आला.

ती परत बाहेर आली तेव्हा तिनं पदर कमरेला गच्च खोचला होता. कमर सगळ्या गावाला दिसत होती. तिथं काही नव्हतं. ती पायऱ्या उतरली, गटार ओलांडली, रस्त्यावर आली. काशिरायाचा फोन हातातच राहिला. ती मधोमध आली आणि न थांबता पुढं आली.

“पिस्तूल कुठंय?” धानप्पानं विचारलं. त्याला कळेना कुठं बघावं.

“कपाटात. त्येला रस्ता वलांडायची परवानगी न्हाई. मला कुणाची लागत न्हाई.” ती त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. इतक्या वर्षांत अक्का आमच्या हॉटेलात कधी बसली नव्हती. उत्तरेचं कुणी पाटलाघरचं बसायचंच नाही. “गुरलिंगप्पा, चहा पाज.”

आप्पांनी ग्लास दोनदा धुतला. काठोकाठ भरला. तिच्या हातात दिला आणि मग धानप्पासमोर जाऊन उभे राहिले. मी झारा हातात घेऊन भट्टीमागून बाहेर आले. ट्रॅक्टरवाला कालपासून आमच्याकडंच मुक्कामी होता, तोही आला. कडेला उभे असलेले, अर्धे पोहे टाकून गेलेले, एकेक करून आत शिरले. नुसते उभे राहिले.

“ऊठ धानप्पा,” आप्पा म्हणाले. “पल्याडचा पावणा आलाय घरी. जागा कर.”

धानप्पानं सगळ्यांकडं बघितलं. झाऱ्याकडं बघितलं. आणि उठला.

त्याचं वजन गेल्याबरोबर बाकडं अक्काच्या बाजूनं कलंडलं, ती धपकन खाली बसली आणि चहा सगळा लुगड्यावर.

“अगं बया!” भिजलेलं लुगडं झटकत ती म्हणाली. “म्हादे, बघतीस काय? दुसरा आण!”